उतारावर न वाजलेली घंटी

सगुण दारू पितो असे मुळगावात कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने म्हणणाऱ्याचेच तोंड हुंगून पाहिले असते.

सगुण शाळेची पिवळी बस चालवायचा. या बसला इथे सगळे बालरथ म्हणतात. मुले शाळेत उतरली की इंजिन बंद करून तो शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी मारायचा. बाकाखाली कधी पाण्याची बाटली सापडे, कधी एक चप्पल, आणि एकदा तर गाढ झोपलेला मुलगाच सापडला होता. तेव्हापासून ती फेरी कधी चुकली नाही. लग्नाकार्यात दोस्तमंडळी मांडवामागे बसली की सगुणच्या हातात लिंबूसोडा असायचा. "त्याका नको रे, त्याका ग्लासात स्टिअरिंग दिसता," असे कोणीतरी म्हणायचे. सगळे हसायचे, सगुणही हसायचा. त्या थट्टेचा त्याला अभिमानच वाटायचा.

माणूस बुटका आणि अंगाने किरकोळ. आवाज मात्र डोंगराच्या या बाजूला बोलावे आणि त्या बाजूला ऐकू जावे असा. तो आवाज त्याला वडिलांकडून आला होता, आणि आवाजाबरोबर गाराणे घालण्याचे कामही आले होते.

गावामागच्या डोंगराला एका अंगाला खाणीचे खड्डे आहेत आणि दुसऱ्या अंगाला काजूची झाडे. झाडांच्या कडेला, जिथे गावाची शीव लागते, तिथे एका जुन्या सातविणीखाली राखणदाराचा दगड आहे. काजूचे दिवस सुरू झाले आणि भट्टीतून पहिली हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, उतरली, की ती आधी राखणदाराला द्यायची. त्याआधी ती विकायची नाही, चाखायचीही नाही. ती देताना साऱ्यांच्या वतीने मोठ्याने मागणे मागायचे, त्यालाच गाराणे म्हणतात. सगुण हात जोडून उभा राही आणि एकेक मागणे मांडी. मागे उभे असलेले लोक दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणत. मग नारळाच्या करटीतली अर्धी हुर्राक दगडाजवळ ओतायची आणि उरलेली गाराणे घालणाऱ्याने प्यायची. ती राखणदाराची शेष. ती ठेवायची नाही, सांडायची नाही, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.

सगुणच्या लेखी ही दारू नव्हती. देवळातले तीर्थ कोणी पाणी म्हणून पितो का? तरी त्याने आपल्यापुरता एक नियम घालून घेतला होता. गाराणे रविवारीच घालायचे. त्या दिवशी बालरथाची आणि स्कूटरची चावी सकाळीच बायकोच्या हाती द्यायची आणि डोंगरावर सायकलने जायचे. सायकलीला इंजिन नाही, नंबर नाही, लायसन्स लागत नाही, मग कसली काळजी? हा नियम तो इतरांनाही सांगायचा. "चाके आपल्या पायांनी फिरतत. पाय थांबले काय सायकल थांबली," असे म्हणायचा.

त्याला उताराची आठवण करून देणारे कोणी भेटले नव्हते.

त्या वर्षी काजूचे बोंडू उशिरा आणि एकदम पिकले. एरवी एका रविवारी एक भट्टी लागायची, पुढच्या रविवारी दुसरी. यंदा कृष्णनाथची, त्याच्या चुलतभावाची आणि वरच्या वाड्यातली अशा तीनही भट्ट्यांची पहिली धार एकाच रविवारी पडली. सातविणीखाली तीनदा माणसे जमली, तीनदा गाराणे झाले आणि सगुणने तीनदा करटी तोंडाला लावली. डोक्यावर ऊन होते, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हते. शेवटचे गाराणे इतके रंगले की कृष्णनाथ म्हणाला, "सगुणा, आज राखणदार खाली उतारान येतलो रे!"

राखणदार काही उतरला नाही. उतरला तो सगुण.

शिवेवरून गावाकडे येणारी वाट अर्ध्यावर डांबरी होते आणि एका काजूच्या बनाला वळसा घालून खाली घसरते. सगुणने पाय थांबवले, पण सायकल काही थांबली नाही. वारा कानात भरला होता. त्याला गंमतच वाटत होती. वळणावर समोर एक हिरवे लुगडे दिसले, मग आडवे झाले, मग तो स्वतः गटारात होता. उठून पाहतो तर एक बाई वाटेत बसलेली, उजवा हात डाव्या हाताने धरलेला आणि तिच्या पिशवीतले उंडे, ते कडक गोल पाव, एकामागून एक उतारावरून घरंगळत चाललेले.

सगुणच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "घंटी वाजवलंय हां मी!"

बाईने त्याच्याकडे पाहिले. ती रडत नव्हती. "कवा?" एवढेच तिने विचारले.

बाईचे नाव अनुसया. चंदगडकडची. नवरा हरी बांधकामावर सेंटरिंगचे काम करायचा आणि ती काजूच्या कारखान्यात गरांवरचे तांबडे साल सोलायची. गावाच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथे दोघे राहायची. डिचोलीच्या दवाखान्यात हाताचा फोटो काढला, तेव्हा मनगटाजवळचे हाड मोडल्याचे दिसले. हाड मोडले म्हणजे पोलिसांना कळवणे आलेच. सगुण तिथेच बाहेर बसून होता. थोड्या वेळाने हवालदार सुदेश आला. त्याचा मुलगा बालरथातूनच शाळेत जायचा.

"काका, तुम्ही?" सुदेश जवळ आला आणि थबकला. "घेतलात काय?"

"शेष रे ती. गाराण्याची."

सुदेशने इकडेतिकडे पाहिले. "फुंकूचा यंत्र मोटारवाल्यांक असता. तुमका सायकलीवरून फुंकूक लावलंय तर माकाच लोक हसतले." मग त्याने जबाब लिहून घेतला. तोंडाला वास येत होता, असे एक वाक्य त्यात घातले. तेवढे त्याला घालावेच लागले.

दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाने निकाल देऊन टाकला. सायकलीचा ब्रेक गेला आणि बाई मध्ये आली. दुकानावर तर कोणी म्हणाले, "घाटी बायल ती, डोंगरातल्या वाटेन मान खाली घालून चलता. दिसता काय तिका?" सगुण तिथे साखर घ्यायला उभा होता. त्याने साखर घेतली आणि काही न बोलता घरी आला. ते न बोलणे त्याला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिले.

केस उभी राहिली तेव्हा तो दीपाकडे गेला. दीपा डिचोलीत वकिली करायची. लहानपणी ती याच बालरथातून शाळेत जायची आणि उलटी होईल या भीतीने नेहमी ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर बसायची. आता सगुण तिच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला.

"काका, आधी सरळ बसा. तुमचं लायसन्स कुठे जात नाही."

"जात नाय?"

"दारू पिऊन गाडी चालवण्याचं जे कलम तुम्हांला माहीत आहे, ते मोटारीचं. सायकल म्हणजे मोटार नाही. त्या कलमाखाली तुम्हांला धरता येत नाही."

सगुणचा चेहरा उजळला. "मगे मी सांगत होतंय तां खरा! सायकल म्हणजे गाडी नव्हे!"

"थांबा, माझं संपलेलं नाही. न्यायसंहितेत दुसरं कलम आहे. रस्त्यावर कोणतंही वाहन बेफिकीरपणे हाकलं आणि त्यानं माणसाच्या जिवाला धोका झाला, तर तो गुन्हा. तिथे इंजिन असायला पाहिजे असं नाही. सायकल आली, बैलगाडीसुद्धा आली. त्यात हाड मोडलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. त्याला कैदही होऊ शकते. आणि तिसरं, पिऊन सार्वजनिक जागी लोकांना उपद्रव दिला तर. त्याला तर वाहनच लागत नाही. पायी चालणाराही त्यात सापडतो."

सगुणचा उजळलेला चेहरा होता तिथेच विझला. इतकी वर्षे ज्या नियमावर तो निर्धास्त होता, त्याच्याखाली जमीनच नव्हती.

"पण काका," दीपा खाली पाहून म्हणाली, "तुमची तपासणी झालेली नाही. जबाबात फक्त वास आहे. काजूच्या दिवसांत त्या वाटेवर कोणाच्या कपड्यांना वास नसतो? वासावर काही टिकत नाही. तुम्ही प्यायल्याचं स्वतःहून सांगायलाच हवं, असं कायदा म्हणत नाही. बाकीचं मी बघते."

बाहेर पडल्यावर त्याला शाळेत बोलावणे आले. शाळेचे व्यवस्थापक गोकुळदास सर भले माणूस, पण भिऊन वागणारे. त्यांनी आधी चहा मागवला.

"सगुण, तू पीत नाहीस हे मला ठाऊक आहे. पालकांनाही ठाऊक आहे. ब्रेकचा अपघात कुणाचाही होतो. पण उद्या कोर्टात दारूचं नाव निघालं, तर लायसन्स राहो नाहीतर जावो, त्या गाडीची चावी तुझ्या हातात मला ठेवता येणार नाही. मुलं आहेत, बाबा."

"समजलंय, सर."

"म्हणून सांगतो, वकील सांगते तसं कर."

आता सगळे सरळ होते. गप्प राहिला तर बालरथ राहणार होता. बोलला तर जाणार होता. आणि बालरथ गेला तर सगुणकडे सगुण म्हणून काय उरणार, हे त्याला सुचेना. त्या पिवळ्या बसशिवाय गावात त्याची ओळखच नव्हती. मुले आईबापांना चुकवून त्याला चिंचा आणून द्यायची. रस्त्याने चालला तरी लोक म्हणायचे, ड्रायव्हर चालला.

घरी कमलाक्षी मासळी साफ करत होती. ती मांद्र्याची, किनाऱ्यावरची. बोलणे विळीसारखे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही काय सांगतालास?"

"दीपा म्हणता, काय सांगूचाच नको."

"मी दीपाक इचारूक नाय. तुमका इचारलंय."

"अगो, पण ती दारू नव्हतीच! शेष ती. राखणदाराची."

"व्हय. आणि पोटात गेल्यार तिका कोण सांगता, तू शेष म्हणून?" तिने बांगड्याचे डोके कापून बाजूला टाकले. "तीन करट्यो प्यालास. उपाशी पोटी. माझ्या भावान प्याली असती तर तुम्ही त्याका बेवडो म्हटला असता."

सगुण रागावून उठून गेला. दुसऱ्या दिवशी मुलांना घरी सोडल्यावर तो बस धुवायला लागला. बादलीत पाणी घेतले, फडके घेतले. हात चालत असले की त्याचे तोंडही चालायचे आणि तोंडात बहुतेक वेळा गाराणेच असायचे, जसे दुसऱ्या कोणाच्या तोंडात गाणे असते. पुढची काच पुसता पुसता तो पुटपुटू लागला. बा राखणदारा म्हाराजा, शीम राखतस, डोंगर राखतस. भट्टी लावणाऱ्याचा बरा कर, बोंडू पुंजावणाऱ्याचा बरा कर. येत्या-जात्या वाटसराक सांभाळ, त्याच्या वाटेर इगीन येवक देव नको म्हाराजा.

फडके काचेवर थांबले.

येत्या-जात्या वाटसराक सांभाळ. हे त्याने त्या रविवारी तीनदा मागितले होते, छाती भरून. लोकांनी तीनदा "व्हय" म्हटले होते. आणि मागून झाल्यावर, तोंड पुसून, वाटसराच्या वाटेवरचे विघ्न तोच झाला होता.

अर्धी काच तशीच साबणाने पांढरी राहिली. तो तसाच भाड्याच्या खोल्यांकडे चालत गेला.

अनुसया दाराशी बसली होती. हात गळ्यात अडकवलेला. आणि तिच्या मागे, हातात फणी घेऊन, कमलाक्षी. सगुण बघतच राहिला.

"कित्याक बघतास?" कमलाक्षी म्हणाली. "एका हातान वेणी घालून दाखवा तुम्ही. चार दिस येतंय मी हय."

चार दिवस ती येत होती आणि घरी एक अक्षर बोलली नव्हती. सगुण उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आतून हरी बाहेर आला, कमरेवर हात ठेवून.

"आलासा? देवाची दारू पिऊन माणसं पाडतासा म्हणं. आमच्याकडचा देव बरा, नारळावर भागतंय त्याचं."

"गप बसा ओ तुम्ही," अनुसया म्हणाली. मग सगुणकडे वळून, "काय काम काढलं?"

"हात कसो आसा?"

"हाय की गळ्यात. जाईल कुठं?" ती जराशी हसली आणि मग हसणे गेले. "हात बरा हुईल ओ काका. डाक्टर म्हनलं, हुतंय. पर दुकानावर गेली तर बायका म्हनत्यात, घाटी हाय, बघून चालत न्हाई. कारखान्यात बी त्येच. मी कडंनं चालत हुते. वळणावर तर मी थांबले बी हुते, कुनी येतंय का बघाया. तुमी घंटी वाजवली न्हाईसा. तुमी कोर्टात काय बी सांगा, तुमची नोकरी हाय. पर ती बाई बघून चालत हुती, एवढं तरी म्हना."

कमलाक्षीने वेणीचा शेवटचा पेड घातला आणि गाठ मारली.

सगुण तिथून निघाला तो थेट शाळेत गेला. गोकुळदास सर घरी जायला निघाले होते. त्याने बालरथाची चावी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"कोर्टान सांगूच्या आधी मीच देतंय, सर. मी प्यायललंय त्या दिवशी. मी सांगतलंय."

"अरे, पण अजून तारीख यायची आहे! विचार कर."

"इचार झालो." मग दाराशी जाऊन तो परत वळला. "पुढची काच अर्धी धुवची रवली. ती तेवढी उद्या पुसून जातंय."

ही गोष्ट कृष्णनाथला कळली तेव्हा तो तडक घरी आला. अंगणातच ओरडायला लागला. "सगुणा, तुझा डोक्या फिरला काय? तू प्यायललंय म्हणून सांगतलस, मगे न्यायाधीश इचारतले, खंय प्यायलस? मगे आमच्या भट्टीचा नाव येतला, राखणदाराचा नाव येतला. वाडवडलांनी घालून दिलेलो मान तू कोर्टात न्हेतलस?"

"मान न्हेणा नाय. माका न्हेतंय."

"ब्रेक गेललो म्हणून सांग. एक शब्द."

"कृष्णनाथा," सगुण म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज त्या दिवशी अगदी बारीक निघाला, "ज्या तोंडान तुझ्या भट्टीसाठी देवाकडे मागतंय, त्याच तोंडान ह्यां सांगू? मगे पुढच्या वर्षाक कोण ऐकतलो माझा? तू तरी ऐकशीत?"

कृष्णनाथ तरातरा निघाला. जाताना अंगणातली सायकल पायाने लोटून गेला. ती पडली तेव्हा तिची घंटी किणकिणली.

डिचोलीच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. दीपाने आदल्या दिवशी त्याला शेवटचे समजावून पाहिले होते. मग म्हणाली होती, "बरं काका, सांगायचंच असेल तर नीट सांगा. कमी नको, जास्तही नको."

नाव पुकारले. सगुण उभा राहिला आणि सवयीने त्याचे हात जोडले गेले. न्यायाधीश बाईंनी आरोप वाचून दाखवला आणि कबूल आहे का विचारले.

"व्हय."

"कशाच्या प्रभावाखाली बोलत नाही ना? कुणी दबाव आणला?"

"नाय, बाई. त्या दिवशी प्रभावाखाली होतंय. आज नाय."

मागे कोणीतरी हसले. बाईंनी वर पाहिले, हसणारा गप्प झाला.

"किती घेतली होती?"

"तीन करट्यो हुर्राक. गाराण्याची शेष म्हणून घेतलंय. पण घेतलंय मी."

"सायकलीचा ब्रेक नादुरुस्त होता, असं पंचनाम्यात दिसत नाही. तुमचं म्हणणं?"

"ब्रेक बरो होतो. दाबणारो बरो नव्हतो."

या वेळी बाईंच्याच ओठांच्या कडा हलल्या. पण सगुणचे अजून बोलायचे राहिले होते. तो वळला आणि बाकावर बसलेल्या अनुसयेकडे हात दाखवून, गाराण्याच्या त्या पूर्ण आवाजात, व्हरांड्यातल्या माणसांनी माना वळवाव्या इतक्या मोठ्याने म्हणाला, "आणि ही बाई बघून चलत होती. कडेन चलत होती. मी घंटी वाजवूक नाय. वाजवलंय म्हणान सांगितलंय तां खोटा."

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "ऐकू आलं."

दुखापतीच्या बाबतीत अनुसयेने तडजोडीला संमती दिली. हात पुरता बरा होईपर्यंतचा खर्च आणि तिची बुडालेली रोजी सगुणने भरून द्यायची, असे ठरले आणि कोर्टाने परवानगी दिली. बेफिकीरपणे सायकल हाकल्याबद्दल दंड झाला. प्यालेल्या अवस्थेत सार्वजनिक रस्त्यावर उपद्रव दिल्याबद्दल कैद न देता समाजसेवा दिली. बसस्टँडच्या आवाराची सफाई, सकाळच्या वेळी. बाहेर आल्यावर दीपा म्हणाली, "काका, लायसन्स तुमच्या खिशातच आहे."

"ऱ्हवंदे. खिशाक तेवढाच वजन," सगुण म्हणाला.

सकाळच्या वेळी, म्हणजे नेमके शाळेच्या वेळी. पहिल्याच दिवशी बालरथ स्टँडसमोरून गेला. स्टिअरिंगवर साईश नावाचा नवा ड्रायव्हर होता. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "ड्रायव्हर काका! काका, कित्याक झाडतास?" सगुणला वाटले, खांबामागे जावे. एक पाऊल तसे पडलेही. मग तो थांबला, झाडू उंच केला आणि त्याच आवाजात ओरडला, "सायकलीन माणूस पाडलंय म्हणून! डोकी आत घ्या आधी!" डोकी झटकन आत गेली.

स्टँड त्याने असा झाडला की शिक्षेचे दिवस संपल्यावर तिथल्या चहावाल्याने विचारले, उद्या येणार नाहीस का? आता तो कृष्णनाथच्या चुलतभावाच्या बागायतीत माडांना पाणी सोडतो. बालरथ मात्र परत मिळाला नाही. गोकुळदास सर रस्त्यात भेटले की थांबतात, घरची चौकशी करतात आणि घाईने निघून जातात.

वर्ष फिरून पुन्हा बोंडू पिकले. कृष्णनाथ वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता. तो अंगणात येऊन उभा राहिला आणि कुंपणाकडे बघत म्हणाला, "पहिली धार पडली. दुसऱ्या कोणाक गाराणा येता काय बघलंय. सगळे अर्ध्यावर अडखळतत."

"मगे?"

"मगे काय? येतलस ना?"

"येतलंय. पण शेष पिवचंय नाय. सगळी ओततलंय."

"सगळी?" कृष्णनाथने आता त्याच्याकडे पाहिले. "त्याका राग इलो तर?"

"माझ्यार येतलो. तुझ्यार नाय. मी तसा सांगतलंय त्याका."

सातविणीखाली पंधरा-वीस माणसे जमली. सगुणने गाराणे घातले. भट्टी लावणाऱ्याचे मागितले, बोंडू वेचणाऱ्याचे मागितले. "व्हय म्हाराजा!" आले. मग ते वाक्य आले. त्याने ते नेहमीसारखे म्हटले नाही.

"येत्या-जात्या वाटसराक सांभाळ म्हाराजा. घाटावरसून येणाऱ्याक सांभाळ, पाव घेऊन जाणाऱ्या बायलमाणसाक सांभाळ. आणि ज्याका त्याची वाट राखूक जमली नाय, त्याका जाग्यार आण म्हाराजा!"

माणसांनी एकमेकांकडे पाहिले. सातविणीवर एक कावळा हलला. मग कृष्णनाथ, सगळ्यांच्या पुढे उभा असलेला, खाली मान घालून म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि मागून बाकीचे म्हणाले.

सगुणने करटी दगडापाशी पालथी केली, थेंबही ठेवला नाही. काठावर बोट फिरवून तेही दगडाला पुसले.

उतारावर तो सायकलीवर बसला नाही. हँडल धरून चालत निघाला. काजूच्या बनाला वळसा येतो तिथे थांबला आणि घंटी वाजवली. दोनदा, चांगली खणखणीत.

वळणापलीकडून आवाज आला. "कोन हाय?"

अनुसया वर येत होती. पिशवी उजव्याच हातात होती आणि उंडे पिशवीच्या तोंडापर्यंत भरले होते. तिने त्याला पाहिले, सायकलीला पाहिले, त्याच्या पायांकडे पाहिले.

"काका, चालत जातासा आनि घंटी कशाला वाजवतासा?"

"ऱ्हवली होती एक," सगुण म्हणाला, आणि तिला वाट द्यायला सायकल कडेला घेतली.